डोक्यावर हंडा, कडेवर पोर

कान वाहतोय आणि गरगरतंय, एवढंच आमच्या ह्यांनी भोरच्या डॉक्टरांना सांगितलं. मला वाटलं, आता डॉक्टर कानात नळी घालून बघतील. तर ते आधी माझ्या डोळ्यांतच बघत बसले. मी टेबलावर आडवी होते आणि दोन्ही हातांनी टेबलाच्या कडा गच्च धरल्या होत्या, कारण माझ्या लेखी ते टेबल उलटं होत होतं.

डॉक्टरांनी एक बोट समोर धरलं आणि म्हणाले, "बोटाकडं बघा, बाई." बघायची माझी इच्छा होती हो, पण डोळे ऐकतील तर ना. मग त्यांनी ह्यांना जवळ बोलावलं आणि दाखवलं, की डोळे सावकाश डावीकडं सरकतात आणि झटक्यानं उजवीकडं येतात, आणि बाई हे मुद्दाम करत नाहीत. चार दिवस घरात कुजबुज चालली होती, की सरू कामाच्या दिवसांत सोंग करतेय. ती कुजबुज तिथं त्या टेबलापाशी संपली.

डोळ्यांच्या त्या उडण्याला निस्टॅग्मस म्हणतात. आजाराचं नाव लॅबिरिंथायटिस. आपण ज्यानं ऐकतो त्याच्या पलीकडं, हाडाच्या आत खोल, लॅबिरिंथ म्हणून एक भाग असतो. भूलभुलैयासारख्या बारीक वळणावळणाच्या नळ्या असतात म्हणून त्याला ते नाव. माणसाचा तोल तिथं राहतो. माझ्या डाव्या कानातला पू हाड खात खात तिथवर गेला होता.

तोल कानात असतो हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं तोल पायांत असतो. आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, वाटायचं तो माहेरच्या वळणात असतो.

डॉक्टर म्हणाले, हाडातला पू काढला नाही तर तो मेंदूकडं जाईल, आजच्या आज पुण्याला न्या. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी मात्र डॉक्टरांना एकच विचारलं. घरी माझी पाच महिन्यांची इंदू होती. तिला कडेवर घेऊन मला परत चालता येईल का?

"आधी जीव वाचवू," डॉक्टर म्हणाले. "बाकीचं पुण्याहून आल्यावर तुमच्या मेंदूला विचारू."

माणूस असं का बोलतो, मेंदूला कसं विचारतात, मला काही कळलं नाही. राग आला. पण पुढं वर्षभर मी तेच करत होते, मेंदूला विचारत होते. ज्या कुणाला हे दुखणं होईल, किंवा ज्यांच्या घरात कुणी असं भिंत धरून चालत असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी शिकलेली मराठी चौथीपर्यंत, कामथडीच्या शाळेत. तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

आता पहिल्यापासून सांगते.

कान माझा लहानपणापासून वाहायचा. आई लसणीचं तेल कोमट करून घालायची, चार दिवस थांबायचा, परत वाहायचा. त्याला कुणी दुखणं म्हणत नव्हतं. लग्न होऊन तोरण्याच्या पायथ्याला आमच्या वाडीत आले तेव्हा कानही बरोबर आला.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि भाताची कापणी सुरू होती. जगातली दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. मी वाकून कापत होते. मूठ भरली म्हणून मान वर केली, तर समोरचं खाचर उजव्या अंगानं वर उचललं गेलं आणि मी डावीकडं आडवी. उठले, परत आडवी. मग उलटी सुरू झाली. थोरली जाऊ पारूबाई आणि आत्याबाई, दोघींनी मला काखेत धरून घरी आणलं.

आता घरच्यांनी जे केलं ते मायेनंच केलं, हे आधी सांगते. आत्याबाईंनी मला माजघरात निजवलं, दार लावलं, खिडकीत पोतं कोंबलं आणि डोळ्यांवर ओल्या फडक्याची घडी ठेवली. आमच्याकडं गरगरण्याला हाच उपाय. डोळ्यांपुढं काही फिरायला नको म्हणून डोळेच झाकायचे. "डोळं उघडू नगंस, सरू," असं त्या दर घटकेला येऊन बजावायच्या.

त्या अंधारात माझे जे हाल झाले ते वैऱ्याचेही होऊ नयेत. डोळे झाकले की मी पडत राहायची. जमीन पाठीला लागलेली आहे हे कळायचं आणि तरी पडत राहायची. तिसऱ्या दिवशी फडकं घसरलं, दार किलकिलं होतं, आणि समोर भिंतीतली खुंटी दिसली. खुंटीला दोन विळे लटकलेले. मी त्या खुंटीला नजर लावली आणि काय सांगू, घर जरा मंदावलं. थांबलं नाही, पण मंदावलं. मी ओरडून सांगितलं की मला खुंटी बघू द्या. आत्याबाईंना वाटलं, पोरगी वाताच्या भरात बडबडतेय. त्यांनी फडकं परत ओलं करून ठेवलं. मग मात्र ह्यांनी कुणाचं न ऐकता गाडी जुंपली. नसरापूरपर्यंत बैलगाडी, वाटेत रात्रीपुरतं कामथडीला माहेरी, आणि तिथून मोटारीनं भोर.

पुण्याच्या दवाखान्यातले पहिले दिवस मला नीट आठवत नाहीत. ऑपरेशनचं नाव मॅस्टॉइड. कानामागं हात लावून बघा, एक उंचवटा लागतो, ते मॅस्टॉइडचं हाड. ते उघडून आतला पू आणि कुजका भाग काढतात. क्लोरोफॉर्मचा तो गोड गोड वास पुढं कितीतरी दिवस माझ्या जेवणाला यायचा.

जागी झाले तेव्हा डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. ते परत येणार नाही असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं. मला त्याचं फार वाटलं नाही. शेजारच्या खाटांवरच्या बायका म्हणाल्या, बरंय की, सासू बोलली तर डावा कान पुढं करायचा.

खरा त्रास ड्रेसिंगचा. जखमेत लांबच्या लांब कापडाची पट्टी कोंबलेली असायची. नर्स ती ओढायला लागली की मला वाटायचं, ही आता माझा मेंदूच बाहेर काढणार. आठव्या दिवशी मला उशीला टेकवून बसवलं. बाराव्या दिवशी उभं केलं. मी डावीकडं कलंडले, दोन नर्सनी धरलं. खिडकीला गज होते. नर्स म्हणाली, मधल्या गजाकडं बघत उभ्या राहा. माझी खुंटी मला परत मिळाली. त्या बाईला मी आजही मनात हात जोडते.

तीन आठवडे झाले. इंदू तिकडं घरी पारूबाईच्या अंगावर होती. पारूबाईचा मुलगा तेव्हा चार महिन्यांचा, तिनं एकीकडं त्याला आणि एकीकडं माझ्या पोरीला पाजलं. माझं दूध पुण्यातच आटलं. पारूबाईचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. आणि घरी गेल्यावर इंदू माझ्या हातातून रडत तिच्याकडं झेपावली तेव्हा मला पारूबाईचा राग आला, तोही खरा. लपवून काय करायचं?

परतीच्या वाटेवर भोरच्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी फुलपात्र मागवलं, पाणी भरलं आणि वर तुळशीचं पान सोडलं. म्हणाले, बघा. आणि फुलपात्र जागच्या जागी गर्रकन फिरवलं. भांडं फिरलं, पान होतं तिथंच राहिलं. कानातल्या नळ्यांना सेमिसर्क्युलर कनाल म्हणतात, अर्ध्या कड्याच्या आकाराच्या तीन नळ्या, आणि त्यांत असंच पाणी असतं. डोकं फिरलं की नळी फिरते, पाणी मागं राहतं, आणि त्यावरून मेंदूला कळतं की डोकं कुठल्या अंगाला वळलं. मी त्या पानाकडं बघतच राहिले. एवढंसं पाणी कानात घेऊन आपण झाडावर चढतो, फुगडी घालतो, आणि कुणाला पत्ता नसतो.

मग ह्यांना समजावं म्हणून ते म्हणाले, दोन कान म्हणजे एका जुवाची बैलजोडी. डावा बैल बसला, उजवा ओढतोच आहे, तर गाडी डावीकडं वळणारच. बसलेला बैल आता उठायचा नाही. पण गाडीवान शहाणा आहे, तो एका बैलावर गाडी सरळ न्यायला शिकतो. गाडीवान म्हणजे मेंदू. त्याला दोन मदतनीस आहेत, डोळे आणि तळपाय. समोर काय उभं आहे ते डोळे सांगतात, जमीन कशी आहे ते तळपाय सांगतात.

"त्याला शिकायला किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"तुम्ही त्याला किती काम देता त्यावर आहे," डॉक्टर म्हणाले.

हे वाक्य मी ऐकलं, पण ते मला कळलं तब्बल पाच महिन्यांनी. ते कसं, ते पुढं येईलच.

घरी आले तेव्हा पौष होता. मी उठायची, भिंत धरायची, उंबऱ्यापर्यंत जायची. उजेडात बरं वाटायचं, डोळे मिटून तोंडावर पाणी मारलं की पडायची. आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी कायदा केला. त्या आमच्या वाडीतल्या नावाजलेल्या बाई. त्यांचं बोलणं कमी आणि सगळं वजनाचं.

"भरला हंडा डोक्यावर घेऊन नदीवरनं आलीस, आन थेंब सांडला न्हाई, का मग पोर कडंवर घ्यायची. तवर बसून मांडीवर घे. उभं ऱ्हाऊन न्हाई."

कुणाला हे निर्दय वाटेल. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आमच्याकडं बाईचा तोल हंड्यावरच ठरतो. सून बघायला आले तरी डोक्यावर घागर देऊन चालवायचे. मला तर हुरूप आला. मांडीवर घेतलेली इंदू पारूबाई दिसली की हात पसरायची, ते बघून मी सकाळ-संध्याकाळ अंगणात फेऱ्या मारायला लागले. डोक्यावर कापडाची चुंबळ, तिच्यावर आधी रिकामा तांब्या, मग अर्धी कळशी, मग घागर. मी पुरती हट्टाला पेटले होते.

युक्ती मला लगेच सापडली. मान ताठ ठेवायची, अजिबात हलवायची नाही, आणि नजर तोरण्याच्या माचीवर रोवायची. माची हलत नाही. तिला धरून मी सरळ चालायची. घरातही मी तशीच वागायला लागले. कुणी हाक मारली तर मान न वळवता सगळी मीच वळायची, पायांसकट. पारूबाईचा मुलगाही हसायचा.

चैत्रात मी भरला हंडा आणला. नदीपासून घरापर्यंतची ती चढण, आणि थेंब सांडला नाही. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. आत्याबाईंनी हंडा स्वतः उतरवला, आत डोकावून बघितलं आणि इंदूला आणून माझ्या कडेवर दिलं. मी तेव्हा रडले. मला वाटलं, दुखणं संपलं.

महिनाभर सगळं छान चाललं. मग वैशाखात एका सकाळी मी इंदूला घेऊन गोठ्याकडं चालले होते. पोर अकरा महिन्यांची, अंगात नुसती चुळबूळ. वाटेच्या डाव्या अंगाला वासरू हंबरलं. इंदूनं माझ्या नाकातली चमकी धरली आणि माझं तोंड डावीकडं ओढलं. झालं. माची गेली, वाट गेली, मी डावीकडं कोसळले आणि पोर हातातून सुटून पेंढ्याच्या ढिगाशेजारी दगडावर आपटली. कपाळाला खोक पडली.

आत्याबाई धावत आल्या. पोरीला उचललं, हळद दाबली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आता तिला हात लावायचा न्हाई." इंदूला पारूबाईच्या खोलीत नेलं. मी तिथंच बसून राहिले. दुखण्याच्या सगळ्या दिवसांत मी मरणाला घाबरले नव्हते, त्या सकाळी मला माझ्याच हातांची भीती वाटली.

दोन दिवसांनी ह्यांनी मला परत भोरला नेलं. मी डॉक्टरांपुढं चिडूनच बोलले, की माझं ऑपरेशन फुकट गेलं, मी हंडा आणते आणि तरी पडते, हे काय दुखणं आहे. डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग घरातून पितळी घागर मागवली, पाणी भरलं आणि मला दवाखान्याच्या पडवीत चालायला लावलं. चुंबळ माझ्या पदराचीच केली. मी समोरच्या खांबाला नजर लावली आणि ऐटीत चालले. बसलेले पेशंट वा वा करायला लागले.

"आता घागर उतरवा," डॉक्टर बाजूला उभे राहून म्हणाले, "आणि तशाच चाला, पण चालताना माझ्याकडं बघा."

तिसऱ्या पावलाला मी भिंतीवर गेले.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला बाकावर बसवलं आणि सांगितलं ते मी शब्दाला शब्द ध्यानात ठेवलं आहे. "हंड्याखाली मान हलत नाही, बाई. मान हलली नाही तर कानाला काम नाही. सगळी गाडी तुम्ही डोळ्यांवर हाकलीत आणि गाडीवानाला निजवून ठेवलंत. पोर म्हणजे हंडा नाही. ती ओढणार, हसवणार, मागं वळायला लावणार."

मग म्हणाले, मेंदू फक्त चुकीतूनच शिकतो. मान वळवली, गरगरलं, डोळ्यांनी सांगितलं की जग जागेवर आहे, पायांनी सांगितलं की जमीन सरळ आहे, असं शंभरदा झालं की तो उजव्या कानाचं बोलणं नव्यानं लावून घेतो. गरगरणं टाळलं तर त्याला धडाच मिळत नाही. हे सगळं पुस्तकात फारसं लिहिलेलं नाही, मी आपल्या अकलेनं सांगतो आहे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मला त्या माणसाबद्दल जो आदर वाटतो तो त्या एका कबुलीनं दुप्पट झाला.

त्यांनी दिलेला व्यायाम असा. हाताचं बोट समोर धरायचं, नजर बोटावर, आणि मान डावी-उजवी, वर-खाली हलवायची. मग उभं राहून तेच. मग चालता चालता एकदा डावा डोंगर बघायचा, एकदा उजवा. शेवटी घराच्या कोपऱ्यात पाठ लावून, पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायचं. कोपऱ्यात अशासाठी की पडलं तर भिंत धरते. दुसऱ्या माणसानं जवळ असावं पण धरू नये. ह्या शेवटच्या वाक्याला त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं, कारण आमचे हे मला सहा महिने कोपराला धरूनच फिरवत होते.

घरी येऊन मी अंगणात सुरू केलं. पहिले आठ दिवस नुसती उलटी. बोट समोर धरून बाई मान हलवतेय, घामाघूम होतेय, केस सुटलेत, हे वाडीला दिसणारच. तिसऱ्या दिवशी चार बायका हळदकुंकू आणि नारळ घेऊन दारात आल्या आणि विचारायला लागल्या, कंची देवी आली, काय सांगती. मी मान हलवत होते म्हणून मला बोलता येईना. आत्याबाई ओट्यावर सूप घेऊन बसल्या होत्या.

"देवी न्हाई," त्या म्हणाल्या. "दागदर आलाय अंगात."

बायका नारळ घेऊन परत गेल्या. पण त्या दिवसापासून आत्याबाई रोज ओट्यावर येऊन बसायला लागल्या आणि माझ्या मानेचे फेरे मोजायला लागल्या. मी पन्नासाला थांबले तर म्हणायच्या, धा ऱ्हायलं. माझा कोपरा त्यांनीच ठरवला, माजघरातला, जिथं त्यांनी मला अंधारात निजवलं होतं त्याच भिंतीचा. खिडकीतलं पोतं त्यांनीच काढून टाकलं होतं. झालं ते चुकलं असं त्यांनी कधी म्हटलं नाही, आणि मी म्हणवून घेतलं नाही.

इंदू त्याच महिन्यात धरून धरून उभी राहायला लागली. मी मान हलवता हलवता तिला बघायची. ती उभी राहायची, डुलायची, धपकन बसायची, परत उठायची. पडली म्हणून तिनं उठणं सोडलं नाही. दिवसातून किती वेळा पडत असेल देव जाणे. मी मनात म्हणायची, ह्या एवढ्याशा डोक्यात तोच गाडीवान बसलाय, आणि तो माझ्यापेक्षा जास्त राबतोय. शहाण्या माणसाला जे सहा महिन्यांत कळलं नाही ते ह्या पोरीला कुणी शिकवलं?

आषाढात लावणी आली. मी खाचरात उतरायला लागले होते. आमच्याकडं त्या दिवसांत तोरणा आठ-आठ दिवस दिसत नाही. एका दुपारी मी रोपाच्या मुठी घेऊन मधल्या खाचरात होते आणि धुकं खाली उतरलं. असं, की स्वतःचे गुडघे दिसेनात. डोळे गेले. पाय पोटरीपर्यंत चिखलात, तेव्हा तळपायांनाही सांगायला काही उरलं नाही. मला कळेना मी उभी आहे की कलते आहे.

मी चिखलातच बसले. अब्रूचा विचार केला नाही. बसल्यावर ढुंगणाखाली जमीन लागली, तळवे टेकले, तेव्हा खालची बाजू कुठली ते कळलं. तेवढ्यात पारूबाईनं हाक मारली. आता दुसरीच पंचाईत. एका कानानं ऐकणाऱ्याला हाक ऐकू येते, पण ती कुठून आली ते कळत नाही. दोन कान असले की ज्या कानाला आधी आणि मोठं ऐकू येतं त्यावरून मेंदू दिशा काढतो. हे मला त्या चिखलात बसून उमगलं.

मी ओरडले, "बाई, बोलत ऱ्हावा." पारूबाई बोलत राहिली. काय वाटेल ते बोलत राहिली, इंदूनं आज ताक सांडलं, इंदूला नवा दात आला. मी मान सावकाश फिरवत गेले, आणि उजव्या कानाला जिकडून आवाज सगळ्यांत स्वच्छ आला तिकडं रांगत निघाले. बांधाचा दगड हाताला लागला, मग पारूबाईचा पाय लागला. तिनं मला उठवलं नाही. डॉक्टरांनी धरू नका म्हटलं होतं ना, ते तिनंही ऐकलं होतं. ती नुसती शेजारी उभी राहिली, मी उठले. त्या दिवशी माझ्या मनातलं तिच्याबद्दलचं किल्मिष धुऊन गेलं.

आणि एक गोष्ट घरी गेल्यावर ध्यानात आली. एवढी मान फिरवली, गरगरलं नव्हतं.

माझ्यासारख्यांना चार गोष्टी सांगायच्या आहेत. पहिल्या दिवसांत, जग फिरत असताना, डोळे झाकू नका, एखादी खुंटी बघा. उलटी थांबली की उठा. वाहता कान किरकोळ म्हणून सोडू नका, पोराबाळांचा तर मुळीच नाही. न्हाताना उभ्यानं डोक्यावर पाणी घेऊन डोळे मिटू नका. नदीच्या डोहात उडी कधीच मारू नका, पाण्याखाली डोळ्यांना काही दिसत नाही आणि अंग हलकं होतं, वर कुठलं नि खाली कुठलं कळत नाही. अंधारात मी आजही भिंतीला बोट लावून चालते. एक बोट पुरतं. आणि घरच्यांनी जवळ राहावं, धरू नये. चाराच्या वर झाल्या, असू द्यात.

मला पूर्वी वाटायचं, चालणं ही काय मोठी गोष्ट आहे, ढोरंही चालतात. आता ओळीनं बांधावरून चाललेल्या बायका दिसल्या, डोक्यावर भारा, कडेला पोर, एकजण तोंड मागं वळवून बोलतेय, दुसरी हसतेय, तर मी हातातलं काम सोडून बघत राहते. एवढं सगळं आत कुणीतरी क्षणाक्षणाला जुळवतंय आणि त्याचा गाजावाजा नाही. माझा एक कान कायमचा बसला, तर आतल्या त्या गाडीवानानं कुरकूर न करता नव्यानं सगळं शिकून घेतलं. त्याचं किती कौतुक करावं, मला शब्द पुरत नाहीत. भोरच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, मीही तेच म्हणतो, आम्ही फक्त पू काढतो.

श्रावणातली गोष्ट सांगते आणि थांबते.

ऊन पडलं होतं. आत्याबाईंनी मला खाचराच्या बांधावर बोलावलं. त्यांच्या कडेवर इंदू होती, चौदा महिन्यांची, कपाळावर खोकेची बारीक रेघ. बांध हातभर रुंद, दोन्ही अंगांना गुडघाभर भात. तीन महिन्यांत मी पोरीला उभ्यानं उचललं नव्हतं.

"ही घे," आत्याबाई म्हणाल्या. "त्या टोकापातूर जायाचं. मी मागनं तीनदा हाक मारीन. दर बारीला मागं वळून माझ्याकडं बघायचं. सगळी वळायचं न्हाई, नुसती मान."

हंड्याचा कायदा त्यांनी स्वतःच मोडला होता. मी इंदूला घेतलं. ती मला घट्ट बिलगली नाही, पण रडलीही नाही, माझ्या चमकीकडं बघत राहिली. मी निघाले.

पहिली हाक आली, "सरू." मी डावीकडून मान वळवली. भात जरा हललं, मग थांबलं. आत्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मी पुढं चालले. दुसरी हाक आली. परत वळून बघितलं. ह्या वेळी काहीच हललं नाही. इंदूनं माझी चमकी धरली आणि ओढली, आणि मी तिच्याकडं वळून हसले, चालता चालता.

तिसरी हाक येईना. बांध संपत आला तरी येईना. मी आपणहून मान वळवून मागं बघितलं. आत्याबाई तिथं नव्हत्या. त्या केव्हाच पाठ फिरवून, विळा घेऊन, गवताला निघून गेल्या होत्या. मी इंदूला वर सरकवून घेतलं आणि पलीकडच्या खाचरावर गेले.